सायंकाळचें जेवण आणि तोंड फिरविणारें मूल

मुंबईच्या कचेरींतून सुटलेली आई लोकल गाडीची गर्दी सोसून सात वाजतां डोंबिवलीच्या घरीं पोहोंचते. पाळणाघरांतून आणलेलें दोन वर्षांचें मूल तिच्या पायांशीं घुटमळत असतें. आठ वाजेपर्यंत पान वाढलें नाहीं तर मूल पेंगूं लागतें, आणि वाढलें तर पहिल्याच घांसाला तोंड फिरवितें. मग वरणभात बाजूस सरतो आणि गूळतूप लावलेल्या पोळीची सुरळी पुढें येते. तीहि नाकारली गेली कीं मोबाइलवरचीं चित्रें दाखवावीं लागतात, आणि शेवटीं दूध व बिस्किट यांवर तडजोड होते. अशा रीतीनें एका जेवणाचे चार स्वयंपाक होतात आणि निजतांना आईच्या मनांत एकच शल्य उरतें : मूल उपाशी तर निजलें नाहीं ना? बाप आधीं घरीं आला, तर तेंच शल्य त्याच्या वांट्यास येतें.

या शल्याच्या मुळाशीं बहुधा एक गैरसमज असतो. जन्मतः सुमारें ३.३ किलो भरणारें निरोगी मूल वर्षाअखेर ९ ते ९.५ किलोंचें होतें. म्हणजे बारा महिन्यांत तें जवळजवळ तिप्पट वाढतें. दुसऱ्या वर्षांत मात्र त्याच्या वजनांत साधारणतः २.५ किलोंचीच भर पडते. वाढीचा वेग मंदावला कीं भूकहि त्या मानानें मंदावते. आईबापांच्या डोळ्यांपुढें मात्र पहिल्या वर्षाचें खाणें असतें, आणि त्याच मापानें तीं आजचें ताट मोजतात.

दुसरें कारण म्हणजे अनोळखी पदार्थाचें भय. मूल चालूं लागलें कीं वाटेल ती वस्तु त्याच्या हातीं लागते. अशा वयांत अपरिचित वस्तु तोंडांत न घालण्याची बुद्धि ही निसर्गानेंच दिलेली सावधगिरी असावी, असें शास्त्रज्ञ मानतात. हें भय परिचयानें जातें, पण एक-दोन वेळांच्या परिचयानें नव्हे. एखादी भाजी आठ-दहा वेळां, प्रसंगीं पंधरा वेळांहि, पानांत निमूटपणें यावी लागते, तेव्हां कोठें मूल ती चाखून पाहतें. बहुतेक घरांत तिसऱ्या नकारालाच ‘याला भोपळा आवडत नाहीं’ असा निकाल लागतो, आणि भोपळा त्या पानांतून कायमचा हद्दपार होतो.

मग मुलाच्या मर्जीवर सोडावें तरी किती? अमेरिकेंतील डॉ. क्लारा डेव्हिस यांनीं या प्रश्नाचा प्रयोगच केला. त्याची पहिली हकीकत १९२८ सालीं आणि पंधरा मुलांचा एकत्र वृत्तांत १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. नुकत्याच अंगावरून सुटलेल्या मुलांपुढें अनेक साधे पदार्थ मांडले जात. परिचारिका जवळ बसे. परंतु ती आग्रह करीत नसे आणि मनाईहि करीत नसे. मुलांनीं चमत्कारिक निवडी केल्या, तरी तीं उत्तम वाढलीं. मात्र यांतली खरी मेख पदार्थांच्या यादींत आहे, हें डेव्हिसबाईंनीं स्वतःच सांगितलें. यादींतला प्रत्येक पदार्थ सकस होता; गोडधोड त्यांत नव्हतेंच. पुढें एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनीं हीच गोष्ट वांटणीच्या रूपानें मांडली : काय, केव्हां व कोठें वाढावयाचें हें वडील माणसांनीं ठरवावें, किती खावयाचें, किंवा खावयाचें कीं नाहीं, हें मुलानें ठरवावें.

ही वांटणी पत्करली कीं रात्रीचा स्वयंपाक आपोआप हलका होतो; कारण घराला एकच स्वयंपाक पुरतो. युक्ति एवढीच कीं, तिखट व फोडणी पडण्यापूर्वीं मुलाचा वांटा बाजूस काढावा. कुकरच्या खालच्या डब्यांत तुरीची डाळ, वरच्या डब्यांत तांदूळ आणि त्यावरील ताटलींत भोपळ्याच्या व गाजराच्या फोडी ठेवाव्या. वाफ जिरली कीं मुलासाठीं वरण, भात, तूप आणि बोटांनीं उचलतां येतील अशा मऊ फोडी तयार असतात. उरलेल्या वरणांत फोडणी, गोडा मसाला व आमसूल घालतांच मोठ्यांची आमटी होते.

दुसऱ्या दिवशीं खिचडी करावी. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, साडेचार वाट्या पाणी, हळद व मीठ घालून तीन शिट्ट्या झाल्या कीं काम संपतें. मोठ्यांच्या पानांत वरून जिरें-मिऱ्याची फोडणी घ्यावी. लिंबू मात्र सर्वांनाच पिळावें. त्यायोगें डाळींतील लोह अंगीं लागण्यास मदत होते. तिसऱ्या दिवशीं डाळीच्या पिठांत किसलेला दुधी घालून धिरडीं घालावीं. मुलाचीं दोन आधीं काढून मग पिठांत मिरची मिसळावी. भाजणी घरांत असली तर थालीपीठ व दही हें अर्ध्या तासाचें जेवण आहे. आणि अगदींच थकलेल्या दिवशीं मऊ भात, मेतकूट व तूप यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मुलाच्या पानांत एक तरी पदार्थ ओळखीचा असावा, आणि नवा पदार्थ त्याच्या शेजारीं चमचाभरच वाढावा.

कांहीं पथ्यें मात्र पाळावीं लागतात. जेवणापूर्वीं दीड-दोन तास पाण्याशिवाय कांहीं देऊं नये. दिवसाचें दूध अर्ध्या लिटरच्या आसपास ठेवावें. अधिक दुधानें पोट भरतें, आणि दुधांत लोह फारच थोडें असतें. पान वीस-पंचवीस मिनिटांनीं न रागावतां उचलावें. ‘भाजी खाल्लीस तर पेढा देईन’ असें म्हटलें कीं भाजी ही शिक्षा व पेढा हें बक्षीस, असाच धडा मूल शिकतें. अख्खे शेंगदाणे व अख्खीं द्राक्षें घशांत अडकतात. म्हणून लहान मुलांस तीं देऊं नयेत. वजन वाढेनासें झालें, गिळतांना वरचेवर ठसका लागूं लागला, किंवा पूर्वीं खाल्ले जाणारे पदार्थ एकामागून एक सुटूं लागले, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांस दाखवावें.

निरोगी मुलाच्या खाण्याचा हिशेब एका रात्रीवर मांडूं नये, आठवड्यावर मांडावा. सोमवारीं दोन घांसांवर उठलेलें मूल बुधवारीं दोन धिरडीं संपवितें. आणि एखाद्या दिवशीं, कोणाचें लक्ष नसतांना, तें भोपळ्याची फोड उचलून तोंडांत घालतें. त्या वेळीं टाळ्या वाजवूं नयेत कीं शेजाऱ्यांस हांक मारूं नये; आईबापांनीं आपापलें जेवण शांतपणें चालूं ठेवावें.