उंची, वेग आणि कक्षा : लॉकहीडच्या तीन टेहळणी-साधनांचा विचार

प्रतिपक्षाच्या प्रदेशात काय चालले आहे हे उंचावरून पाहण्याची गरज युद्धाइतकीच जुनी आहे. पूर्वी ती गडावरील बुरूज भागवीत असे. विसाव्या शतकात ते काम विमानाकडे आले. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र या गरजेला निराळेच गांभीर्य प्राप्त झाले. अण्वस्त्रे वाहून नेणारी विमाने व क्षेपणास्त्रे दोन महासत्तांच्या हाती आली, आणि प्रतिपक्षाजवळ अशी साधने नेमकी किती आहेत हे ठाऊक नसणे हाच एक स्वतंत्र धोका ठरला. अज्ञानातून भीती, भीतीतून शस्त्रवाढ व शस्त्रवाढीतून पुन्हा भीती असे हे चक्र होते.

जुलै १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी या चक्रावर एक उपाय सुचविला. दोन्ही राष्ट्रांनी परस्परांच्या विमानांना आपल्या भूमीवरून छायाचित्रे घेऊ द्यावीत, असा तो प्रस्ताव होता. सोव्हिएट नेते ख्रुश्चॉव्ह यांनी तो हेरगिरीचा प्रकार म्हणून झिडकारला. वस्तुतः त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५४ मध्ये, परवानगीवाचून हेच काम करू शकेल अशा विमानाच्या निर्मितीस आयझेनहॉवर यांनी गुप्तपणे संमती दिलेली होती.

हे विमान घडविण्याचे काम कॅलिफोर्नियातील बरबँक येथील लॉकहीड कंपनीकडे सोपविण्यात आले. तेथील क्लॅरन्स जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालील एक लहान विभाग 'स्कंक वर्क्स' या टोपणनावाने ओळखला जाई. थोडी माणसे, थोडे कागद आणि जलद निर्णय ही त्याची कार्यपद्धती होती. पुढील दशकात या कंपनीच्या निरनिराळ्या विभागांपुढे मूलतः एकच प्रश्न होता : ज्याला कोणी पाडू शकणार नाही असे निरीक्षणाचे साधन कसे घडवावे? या प्रश्नाला तीन उत्तरे देण्यात आली. पहिले उंचीचे, दुसरे वेगाचे व तिसरे कक्षेचे. प्रत्येक उत्तरासाठी निसर्गनियमांनी कोणती किंमत मागितली आणि त्यांपैकी कोणते उत्तर टिकले, याचे विवेचन पुढे केले आहे.

पहिले उत्तर : उंची

यू-२ या विमानाचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५५ मध्ये नेव्हाडातील ग्रूम लेक येथे झाले. सुमारे २१ किलोमीटर उंचीवरून उडणे हे त्याचे एकमेव संरक्षण होते. त्या काळची लढाऊ विमाने इतक्या उंचीवर पोहोचू शकत नसत.

या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या पंधराव्या हिश्श्याहूनही कमी असते. विमानाला तोलून धरणारे बल हे हवेची घनता, पंखांचे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असते. घनता घटली की उरलेल्या दोन गोष्टी वाढविणे किंवा विमानाचे वजन कमी करणे एवढेच मार्ग उरतात. यू-२ चे पंख म्हणूनच ग्लायडरच्या पंखांसारखे लांब व अरुंद केले गेले. त्यांचा पसारा सुमारे २४ मीटर होता, आणि वजन वाचविण्यासाठी चाकेही सायकलीप्रमाणे एकामागे एक अशी बसविण्यात आली.

विरळ हवेत विमान फार सावकाश गेले तर पंखांचा आधार सुटतो. फार वेगाने गेले तर पंखांवरील प्रवाह ध्वनिवेगाच्या जवळ जाऊन हादरे बसू लागतात. कमाल उंचीवर या दोन मर्यादांमध्ये ताशी जेमतेम १५ ते २० किलोमीटरांचे अंतर राही. वैमानिकाला कित्येक तास त्या चिंचोळ्या पट्ट्यात विमान ठेवावे लागे. शिवाय इतक्या कमी दाबात शरीरातील द्रव उकळू लागतो. म्हणून वैमानिकास दाबयुक्त पोशाख आवश्यक होता. साधे इंधनही तेथे वाफ होऊन उडून जाई, त्यामुळे विशेष इंधन तयार करावे लागले.

जुलै १९५६ पासून यू-२ सोव्हिएट भूमीवरून जाऊ लागले. त्याच्या कॅमेऱ्याला जमिनीवरील एक मीटरहून लहान वस्तू ओळखता येत. तथापि एक अपेक्षा प्रारंभीच खोटी ठरली. सोव्हिएट रडारना हे विमान दिसणार नाही असे मानले गेले होते. प्रत्यक्षात त्यांनी ते पहिल्याच उड्डाणांपासून टिपले व त्याच महिन्यात निषेधही नोंदविला. विमान दिसत होते, फक्त तेथवर काही पोहोचत नव्हते. पोहोचू शकेल असे क्षेपणास्त्र तयार होणे हा केवळ काळाचा प्रश्न होता.

१ मे १९६० रोजी तो काळ आला. पेशावर येथून निघालेले फ्रान्सिस गॅरी पॉवर्स यांचे यू-२ स्वेर्दलोव्स्कजवळ जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले. अमेरिकेने प्रथम ते वाट चुकलेले हवामान-निरीक्षणाचे विमान असल्याचे सांगितले. वैमानिक जिवंत असून कैदेत आहे, हे ख्रुश्चॉव्ह यांनी उघड केल्यावर ते असत्य उघडे पडले. त्याच महिन्यात पॅरिस येथे भरलेली शिखर परिषद यामुळे मोडली. एका विमानाच्या पाडावाने दोन राष्ट्रांतील वाटाघाटी थांबल्या, यावरून मानवचलित टेहळणीतील खरा धोका कोणता होता हे ध्यानात येईल. त्यात वैमानिकाच्या प्राणाबरोबर राष्ट्राचा शब्दही पणाला लागत होता.

दुसरे उत्तर : वेग

उंची फार काळ पुरणार नाही याची जाणीव लॉकहीडला आधीपासूनच होती. ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाचे काम १९६० पूर्वीच सुरू झाले होते. त्यातून प्रथम ए-१२ हे एका आसनाचे विमान निघाले. त्याने एप्रिल १९६२ मध्ये आकाश पाहिले. त्याचेच दोन आसनांचे रूप म्हणजे एसआर-७१. त्याचे पहिले उड्डाण २२ डिसेंबर १९६४ रोजी झाले.

येथे निसर्गाने मागितलेली किंमत उष्णतेच्या रूपाने होती. ध्वनीच्या तिपटीहून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानापुढील हवा दाबली जाऊन तापते आणि विमानाचे आवरण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत, काही भागांत त्याहूनही अधिक, तापते. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे बळ या तापमानात टिकत नाही. म्हणून जवळजवळ संपूर्ण सांगाडा टिटॅनियमचा करण्यात आला. या धातूचा बराच साठा मध्यस्थांमार्फत खुद्द सोव्हिएट संघातूनच विकत आणला गेला, ही इतिहासातील एक विलक्षण गोष्ट होय.

टिटॅनियम हाताळण्याचे शास्त्र त्या वेळी कारखान्यांना अवगत नव्हते. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्यांच्या स्पर्शाने बोल्ट ठिसूळ होत. उन्हाळ्यात जोडलेले भाग हिवाळ्यात जोडलेल्या भागांपेक्षा लवकर निकामी होत असल्याचे आढळले. शोध घेता असे दिसले की, शेवाळ वाढू नये म्हणून उन्हाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन अधिक घातले जाई आणि त्याच पाण्याने ते भाग धुतले जात. त्यानंतर शुद्ध केलेले पाणी वापरण्यात येऊ लागले.

तापल्यावर हे विमान लांबीने काही सेंटिमीटर वाढत असे. त्यासाठी सांध्यांत जागा ठेवावी लागे, आणि परिणामी जमिनीवर असताना टाक्यांतून इंधन झिरपत राही. काळा रंग दिला होता तो उष्णता बाहेर फेकण्यास मदत व्हावी म्हणून. इंजिनाच्या तोंडाशी असलेला शंकू वेग वाढेल तसा सुमारे ६६ सेंटिमीटर मागे सरके व हवेतील आघात-तरंग योग्य जागी धरून ठेवी. कमाल वेगाला विमानाच्या एकूण रेट्यापैकी निम्म्याहून अधिक भाग या प्रवेशमार्गातील दाबाचा असे. इंजिनाचा स्वतःचा वाटा अल्प होता.

एसआर-७१ शत्रूच्या माऱ्याने कधीही पडले नाही. तयार झालेल्या ३२ विमानांपैकी १२ विमाने नष्ट झाली, ती सर्व अपघातांत. ज्या भूमीसाठी ही विमाने योजिली होती त्या सोव्हिएट भूमीवरून मात्र ती एकदाही गेली नाहीत. पॉवर्स प्रकरणानंतर तशी उड्डाणे न करण्याचे अमेरिकेने जाहीर केले होते. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत श्रेष्ठ असे हे उत्तर मूळ प्रश्नापुरते निरुपयोगी ठरले होते. वेगामुळे विमान क्षेपणास्त्रापासून वाचत होते, परंतु दुसऱ्या राष्ट्राच्या आकाशाचा भंग केल्याचा दोष वेगाने पुसला जात नव्हता.

तिसरे उत्तर : कक्षा

१९४४ च्या शिकागो करारानुसार प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरील आकाशावर सत्ता असते. ही सत्ता अंतराळात कोठवर पोहोचते हे त्या करारात सांगितलेले नाही. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएट संघाचा पहिला स्पुटनिक सर्व राष्ट्रांवरून फिरला व कोणीही हरकत घेतली नाही. उपग्रहाच्या मुक्त संचाराचा पायंडा अशा रीतीने सोव्हिएट संघानेच घालून दिला.

फेब्रुवारी १९५८ मध्ये 'कोरोना' या गुप्त योजनेस मंजुरी मिळाली. जगाला ती 'डिस्कव्हरर' नावाची वैज्ञानिक उपग्रहमाला म्हणून सांगण्यात आली. डग्लस कंपनीच्या थॉर अग्निबाणावर लॉकहीडचे अजेना हे दुसऱ्या टप्प्याचे यान बसविलेले असे. कक्षेत गेल्यावर अजेना वायूच्या फवाऱ्यांनी आपला तोल स्थिर राखी व कॅमेऱ्याची नजर जमिनीकडे ठेवी. उपग्रह सुमारे ९० मिनिटांत एक प्रदक्षिणा करी. तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती सुमारे २२ अंश फिरे, आणि पुढील फेरीत कॅमेऱ्याखाली निराळा पट्टा येई. छायाचित्रे घेऊन झाल्यावर फिल्म असलेली कुपी अलग होऊन वातावरणात शिरे, हवाई छत्रीने खाली येई आणि हवाई बेटांजवळ विमानाला लावलेल्या आकड्यांनी अधांतरीच झेलली जाई.

हे सारे कागदावर सोपे होते. फेब्रुवारी १९५९ पासूनचे पहिले बारा प्रयत्न या ना त्या कारणाने विफल झाले. कधी अग्निबाण बिघडे, कधी कुपी भलत्या दिशेला जाई. निर्वातात ॲसिटेटची फिल्म ठिसूळ होऊन तुटे. तिच्या जागी पॉलिएस्टरची फिल्म आणावी लागली. वैमानिक असलेले यंत्र बारा वेळा कोसळले असते तर कोणतीही योजना पुढे चालली नसती. उपग्रहात माणूस नव्हता, म्हणूनच अपयशातून शिकण्यास अवसर मिळाला.

डिस्कव्हरर-१४ ची फिल्म १९ ऑगस्ट १९६० रोजी आकाशात झेलली गेली. योगायोग असा की, त्याच दिवशी मॉस्कोच्या न्यायालयाने पॉवर्स यांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. सुमारे ९ किलोग्रॅम वजनाच्या त्या फिल्ममध्ये आधीच्या सर्व यू-२ उड्डाणांनी मिळून टिपला नव्हता इतका सोव्हिएट प्रदेश सामावला होता. चित्रे मात्र अस्पष्ट होती. सुमारे १२ मीटरहून लहान वस्तू त्यांत ओळखता येत नसत. पुढे ही मर्यादा सुमारे २ मीटरपर्यंत खाली आली.

तिन्ही उत्तरांचे फलित

सोव्हिएट संघ क्षेपणास्त्रांत फार पुढे गेला आहे, ही समजूत १९६० च्या अमेरिकन निवडणुकीत प्रचाराचा विषय झाली होती. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे सोडण्याची ५० ते १०० साधने त्याच्याजवळ असावीत, असा जून १९६१ चा गुप्त अंदाज होता. कोरोनाच्या छायाचित्रांच्या आधारे सप्टेंबर १९६१ मध्ये तोच आकडा १० ते २५ वर आला. भीतीचा मोठा भाग अज्ञानाचा होता, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि उपग्रहाने विमानाची गरज संपविली असे नव्हे. उपग्रहाचा मार्ग ठरलेला असतो आणि कुपी खाली येऊन फिल्म धुतली जाईपर्यंत दिवस जातात. विमान हवे तेव्हा, हवे तेथे पाठविता येते. क्यूबातील क्षेपणास्त्रे १४ ऑक्टोबर १९६२ रोजी यू-२ नेच टिपली, आणि त्याच संकटात २७ ऑक्टोबरला मेजर रुडॉल्फ अँडरसन यांचे यू-२ पाडले जाऊन ते मृत्युमुखी पडले. भारताशीही या विमानाचा संबंध आला. १९६२ च्या चीन युद्धानंतर ओरिसातील चारबतिया येथील तळ त्यासाठी उपलब्ध करून देण्यात आला व २४ मे १९६४ रोजी तेथून पहिली मोहीम निघाली. यानंतर तीनच दिवसांनी पंडित नेहरूंचे निधन झाले आणि पुढील उड्डाणे लांबणीवर पडली. सर्वांत वेगवान एसआर-७१ हे १९९९ मध्ये अखेरचे उडाले. सावकाश जाणारे यू-२ त्यानंतरही अनेक वर्षे सेवेत राहिले.

कोरोनाचा शेवटचा उपग्रह २५ मे १९७२ रोजी सोडण्यात आला. दुसऱ्याच दिवशी मॉस्को येथे अमेरिका व सोव्हिएट संघ यांनी क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांवर मर्यादा घालणाऱ्या करारावर सह्या केल्या. कराराचे पालन होते की नाही हे प्रत्येक राष्ट्राने स्वतःच्या तांत्रिक साधनांनी पाहावे व दुसऱ्याने त्या साधनांत अडथळा आणू नये, असे कलम त्यात होते. १९५५ मध्ये जे मागितले असता नाकारले गेले, ते सतरा वर्षांनी अशा प्रकारे मान्य झाले.

१९९५ मध्ये कोरोनाची आठ लाखांहून अधिक छायाचित्रे खुली करण्यात आली. धरणांखाली बुडालेली व नांगराखाली गेलेली पश्चिम आशियातील प्राचीन वसतिस्थाने आणि रस्ते पुरातत्त्वज्ञ आज त्यांत शोधतात. क्षेपणास्त्रे मोजण्यासाठी घेतलेल्या चित्रांत नाहीशी झालेली भूमीही टिकून राहिली आहे. गुप्ततेच्या पेटीतून बाहेर आल्यावर हे ज्ञान कोणा एका राष्ट्राचे उरले नाही.