हॉलिडे क्लबची मेंबरशिप घेऊन पस्तावलात? पैसे परत मिळवण्याचे कायदेशीर मार्ग कोणते?

मॉलमध्ये कुणीतरी कूपन भरून घेतं. दोन दिवसांनी फोन येतो, 'अभिनंदन! तुम्हाला गिफ्ट लागलंय. फक्त नवरा-बायको दोघांनी यायचं.' हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-तीन तास प्रेझेंटेशन चालतं. 'ही ऑफर फक्त आजच' असं सांगतात आणि कार्ड स्वाइप होतं.

पुढे दिवाळीत किंवा मे महिन्यात बुकिंग मागितलं की 'रूम शिल्लक नाही' असं उत्तर मिळतं. वार्षिक मेंटेनन्स फी मात्र न चुकता मागितली जाते. 'सही केलीय, आता काय करणार?' म्हणून अनेक कुटुंबं गप्प बसतात. पण सही केली म्हणजे सगळे मार्ग बंद झाले, असं कायदा मानत नाही.

यासाठी वेगळा कायदा आहे का?

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. युरोपियन युनियनमध्ये असा करार १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येतो. आपल्याकडे ही मुदत करारावर अवलंबून असते. त्यामुळे सही नुकतीच झाली असेल, तर आधी करारातलं 'कूलिंग ऑफ' किंवा 'कॅन्सलेशन'चं कलम वाचा. मुदत शिल्लक असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टने रद्द करत असल्याचं कळवा. फक्त फोनवर सांगून भागत नाही.

मुदत संपली असेल तर?

मग आधार आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा आणि दिशाभूल करणारी जाहिरात, या तिन्हींसाठी दाद मागता येते.

आधी कंपनीला लेखी नोटीस द्या. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवा. अनेकदा इथेच तडजोड होते. नाही झाली, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन तक्रारही करता येते.

लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी:

- भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात होते. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही.
- कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.
- वकील सक्तीचा नाही.
- वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावं लागतं.

'वाद लवादाकडेच जाईल' असं करारात लिहिलेलं असतं, त्याचं काय? असं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. करारच एकतर्फी आणि जाचक असेल, तर 'अनुचित करार' म्हणून राज्य आयोगाकडे दाद मागता येते.

पुरावे कोणते लागतील?

करार, पावत्या, कार्डचं स्टेटमेंट, सेल्समनचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि बुकिंग नाकारल्याचे ईमेल. बुकिंग नेहमी लेखी मागा. 'उपलब्धतेनुसार' हा शब्द कंपनीची ढाल असतो. पण वारंवार मागूनही रूम मिळाली नाही, हे कागदावर दिसलं तर तीच ढाल कमकुवत होते. काही सुट्ट्या वापरल्या असतील तर आयोग ते लक्षात घेऊ शकतो, त्यामुळे पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही.

पोलिसांत कधी जायचं?

सेवा वाईट मिळाली म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता, हे दिसावं लागतं. रिसॉर्टच नसणं किंवा ऑफिस बंद करून गायब होणं, अशा प्रकारांत पोलिसांकडे जावं.

'सुट्टी नको असेल तर व्याजासह पैसे परत' असं सांगितलं असेल, तर प्रकरण गुंतवणुकीचं ठरू शकतं. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलमधल्या मुक्कामाच्या नावाखाली ५० लाखांहून अधिक लोकांकडून सुमारे ७ हजार कोटी रुपये गोळा केले होते. ही सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचं ठरवून सेबीने २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला. तरीही गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षं वाट पाहावी लागली. म्हणून कंपनी सुरू असतानाच हालचाल केलेली बरी.

या दोन चुका टाळा

पहिली, रागाच्या भरात ईएमआय थांबवणं. कर्ज बँकेचं असेल तर सिबिल स्कोअर तुमचा घसरतो, क्लबचा नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. 'तुमची मेंबरशिप विकून देतो, रिफंड मंजूर झालाय, आधी जीएसटी भरा' असे फोन जुन्या मेंबरांना येतात. परतावा मिळण्यासाठी आधी पैसे मागितले, की ती दुसरी फसवणूक समजा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

आज कपाटातून करार काढा आणि त्यावरची तारीख बघा. रद्द करण्याची मुदत शिल्लक आहे का, ते त्यावरून कळेल; तक्रारीची २ वर्षं मात्र वादाचं कारण घडल्यापासून मोजायची.