धूर की थंडी

फिलाडेल्फियातल्या त्या खोलीत शेगडी पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की थंडी हाडांत शिरायची. आनंदीबाई जोशींना दोहोंतलं एक निवडावं लागे. वय अठरा. दिवसा वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातली व्याख्यानं, आणि खोलीवर परतल्यावर आपल्या हाताने रांधलेलं शाकाहारी जेवण.

१८८३ ते १८८६ ही त्यांची वर्षं आपण नेहमी पदवीच्या टोकाकडून बघतो. ११ मार्च १८८६चा समारंभ, तिथे हजर असलेल्या पंडिता रमाबाई, सगळं डोळ्यांपुढे असतं. मी मात्र पुन्हा पुन्हा त्या खोलीशी येऊन थांबते.

परकेपणा त्यांना अमेरिकेने शिकवला नाही. टपालखात्यात असलेल्या नवऱ्याच्या, गोपाळरावांच्या, बदल्यांमागे त्या कल्याणहून अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा हिंडल्या होत्या. नवऱ्याबरोबर उघडपणे रस्त्याने चालणारी बाई दिसली की कलकत्त्याचे लोक टक लावून बघत, हसत. शाळेत जाताना मुंबईतही हेच झालं होतं. फेब्रुवारी १८८३मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला केलेल्या भाषणात त्यांनी हे सगळं भरसभेत सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्दही दिला. ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघालेली ही मुलगी ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा लोकांच्या नजरा झेलायची सवय तिच्या अंगी मुरलेली होती.

शिवाय धक्क्यावर ओळखीचं माणूस होतं. रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी १८८०मध्ये दंतवैद्याकडे बसल्या बसल्या एका मिशनरी मासिकात या जोडप्याविषयी वाचलं आणि पत्र टाकलं. भेट होण्याआधी तीन वर्षं पत्रं चालली होती. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. कॉलेज सुरू होण्याआधीचा उन्हाळा त्यांनी कार्पेंटरांच्या घरात काढला. एका घरातली माणसं कधी उठतात, कशी हसतात, कशावरून रुसतात, हे बघायला मिळालेले ते महिने मला सगळ्या तयारीत मोलाचे वाटतात.

तडजोडी त्यांनी स्वतः ठरवल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, थंडीत ते चालणारं नव्हतं. म्हणून गुजराती पद्धतीची साडी आली. पण साडी सुटली नाही. १० ऑक्टोबर १८८५चा एक फोटो प्रसिद्ध आहे: साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशीच्या पेहरावातल्या सीरियाच्या साबात इस्लामबूली. डीनबाईंच्या स्वागतसमारंभाचा दिवस होता तो. तिघीही घरापासून हजारो मैलांवर शिकणाऱ्या. मी हा फोटो कितीदा पाहिला असेल! तिघींच्या चेहऱ्यांवर बावरलेपणा शोधत राहते, तो सापडत नाही.

मनाने त्यांनी अमेरिका पेलली, यात मला शंका नाही. उणं राहिलं ते शरीराचं. खोलीची अवस्था कळल्यावर डीन रेचल बॉडली यांनी त्यांना स्वतःच्या घरी राहायला नेलं. पुढे क्षयाने गाठलं. तो त्या धुरामुळेच झाला असं मी म्हणणार नाही. कोण म्हणू शकेल? पण अपुरं जेवण आणि गारठलेली खोली यांनी अंगातली ताकद ओढून नेली असणार. नोव्हेंबर १८८६मध्ये त्या मुंबईला परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूक वाट पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिना उरला होता.

गेल्या वर्षी माझी भाची शिकायला बाहेर गेली. पहिल्या आठवड्यात सगळे तिला विचारत होते, करमतंय का, मैत्रिणी मिळाल्या का. मी विचारलं, "खोलीतला हीटर नीट चालतो का गं? आणि आज जेवलीस काय?" ती म्हणाली, "मावशी, हीटर बंद आहे, उद्या सांगते त्यांना." मी म्हटलं, उद्या नाही, आत्ता.