सुई टेकवायची कुणी?

दसरा-दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून काय काय खाली येतं! तांब्याचा बंब, वातींचा स्टोव्ह, कुणाच्या तरी बाळंतपणातली दुपटी आणि एखाद्या घरात जुन्या चादरीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर. बंबाला लगेच गिऱ्हाईक मिळतं. प्लेअरचं काय करायचं, हे मात्र कुणालाच ठरवता येत नाही. "चालत तर नाही," असं म्हणून तो भंगारवाल्याच्या तराजूत जातो, नाहीतर एखाद्या हॉटेलच्या कोपऱ्यात शोभेला बसतो. मैत्रिणींनो, तसं करण्याआधी थोडं थांबा. त्या पेटीशी आपलं, म्हणजे बायकांचं, एक जुनं नातं आहे.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणाची सुरुवातच बायकांच्या आवाजाने झाली. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीच्या साहेबांनी कलकत्त्यात गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यात गौहरजान होती. गाणं संपलं की ती स्वतःचं नाव मोठ्याने सांगायची. त्या काळी गाणाऱ्या बाईला घरंदाज घरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती, पण तिची तबकडी मात्र दिवाणखान्यात मानाने वाजायची. पुढे लावणी गाणाऱ्या सुंदराबाई जाधव, ख्याल आणि नाट्यगीत गाणाऱ्या हिराबाई बडोदेकर, भावगीतं गाणाऱ्या ज्योत्स्ना भोळे यांचे आवाज तबकड्यांवरूनच गावोगाव पोचले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळायची. तासभर रंगणारा राग तेवढ्यात बसवायचा! संसाराच्या धबडग्यात चार घटकांत सगळं उरकणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्यातलं कसब चटकन कळेल.

आणखी एक गंमत सांगते. जुनी ७८ फेऱ्यांची तबकडी प्लॅस्टिकची नसायची, ती लाखेची असायची. आपण ज्या लाखेच्या बांगड्या भरतो, तीच लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे बारीक किडे ती तयार करतात. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबली जायची. म्हणून ती जड लागते आणि हातातून पडली की बांगडीसारखीच फुटते. नंतर आलेली ३३ फेऱ्यांची एलपी व्हायनिलची, हलकी आणि लवचिक. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणारी.

आमच्या घरातला प्लेअर सासऱ्यांनी १९७२ च्या सुमारास घेतला. झाकण लावलं की प्रवासी बॅगेसारखी दिसणारी पेटी. रविवारी सकाळी ते तो उघडायचे, फडक्याने तबकडी पुसायचे, सुई टेकवायचे. घरात नियम एकच : बाकी कुणी हात लावायचा नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. पोळ्या लाटता लाटता त्यांची गाणी पाठ झाली, पण पन्नास वर्षांत त्यांनी एकदाही सुई टेकवली नाही. सासरे गेले, कॅसेट आल्या, सीडी आल्या, मोबाइल आला. पेटी माळ्यावर गेली.

मध्यंतरी सासूबाईंना काचबिंदूने गाठलं. आता त्या ८३ वर्षांच्या आहेत. उजेड-अंधार कळतो, माणसाची आकृती कळते, बाकी सगळं धूसर. टीव्हीचा उपयोग नाही. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर कुठे बोट लावायचं ते दिसत नाही. दर गाण्याला "अगं, जरा लावून दे ना" म्हणावं लागतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी काम करताना मी हे बऱ्याच घरांत पाहिलंय. माणसाला ऐकू येत असतं, समजत असतं, फक्त प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याला हाक मारायची वेळ येते आणि मग हळूहळू ते माणूस मागायचंच बंद करतं. सासूबाईंचंही तेच होऊ लागलं होतं. त्यातच एका दुकानदाराने शोभेसाठी म्हणून प्लेअरला बरे पैसे देऊ केले. घरात सगळे "देऊन टाकू" म्हणाले. मी म्हटलं, आधी दाखवून तर आणू.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात, शहागंजच्या गल्ल्यांत, रेडिओ दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक अजून सापडतात. असेच एक चाचा भेटले. त्यांनी पेटी उघडली, थाळी हाताने फिरवून पाहिली आणि म्हणाले, "बाई, मशीन मरी नहीं, सूख गई है." त्यांच्याकडून जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र घरी आणून थेट प्लगमध्ये खुपसू नका. आतले कपॅसिटर जुने झाले की कोरडे पडतात, कधी फुटतात. चाचांनी आधी सिरीज बोर्डावर, म्हणजे मध्ये दिवा जोडून, ते तपासलं. कुठे शॉर्ट असेल तर दिवा लखकन पेटतो आणि यंत्र वाचतं. दोन कपॅसिटर आणि कुरतडलेली वायर बदलल्यावर आतली घरघर गेली. हे काम जाणकाराचंच. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते, त्यामुळे आपण पेचकस घेऊन बसायचं नाही.

दुसरं दुखणं ग्रीसचं. जुनं ग्रीस सुकून डिंकासारखं होतं आणि थाळी जड फिरते. चाचांनी ते रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं आणि मोटरच्या दांड्याला दोन थेंब तेल दिलं. कुठलं तेल? आपल्या शिलाई मशीनचं! खोबरेल किंवा गोडंतेल चुकूनही घालू नका, ते घट्ट होऊन चिकटतं. मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबराचं एक चाक असतं, काही यंत्रांत रबरी पट्टा असतो. त्याला तेलाचा थेंबही लागता कामा नये, नाहीतर ते घसरतं आणि गाणं रडवेलं होतं. आमचं चाक स्पिरिटने पुसून, बारीक पॉलिश पेपर फिरवून पुन्हा कामाला लागलं.

गती बरोबर आहे का, हे घरीही तपासता येतं. थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवा, वर एलपी ठेवून सुई टेकवा आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजा. ३३ म्हणजे खरं तर मिनिटाला ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्या. म्हणून तीन मिनिटांत बरोबर शंभर भरल्या पाहिजेत. कमी भरल्या तर गायिकेचा आवाज भरडा लागतो, जास्त भरल्या तर चिरका.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सुई. तबकडीचा जीव सुईत. बोथट सुई खाच कुरतडते आणि एकदा गेलेला आवाज परत येत नाही. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते, एलपीची अगदी अरुंद. त्यामुळे दोन्हींना वेगळी सुई लागते. आमच्या प्लेअरला दोन टोकं आहेत, छोटी कळ फिरवून हवं ते खाली घ्यायचं. गाणं अडखळलं की सुईच्या दांडीवर चाराण्याचं नाणं ठेवायची पूर्वी पद्धत होती. तसं करू नका. भार वाढला की खाच झिजते. सुई बदला, तबकडी धुवा. चावीच्या ग्रामोफोनला तर पोलादी पिन असते. ती दर बाजूला नवी घालायची आणि त्यावर एलपी कधीच लावायची नाही. एकाच वेळी तिचा सत्यानाश होतो.

धुण्याचंही एक शास्त्र आहे. एलपीला साधं पाणी, त्यात सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब आणि मऊ फडकं पुरे. खाचांच्या दिशेने गोल पुसायचं, मधलं लेबल भिजू द्यायचं नाही. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारांचं, वाळल्यावर पांढरे डाग राहतात. म्हणून शेवटचा हात इन्व्हर्टरमध्ये घालतो त्या डिस्टिल्ड वॉटरचा. लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट अजिबात लावू नका, लाख त्यात विरघळते. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या की वजनाने बिघडतात. आणि मराठवाड्यातला उन्हाळा ध्यानात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट एप्रिल-मेमध्ये असं तापतं की एलपी पापडासारखी वाकते.

हौसेने नवा घ्यायला निघालेल्यांनाही एक सांगणं. चकचकीत पितळी कर्णा आणि कुत्र्याचं चित्र असलेला 'शंभर वर्षांपूर्वीचा' ग्रामोफोन बाजारात दिसला की हुरळून जाऊ नका. त्यातले कितीतरी सुटे भाग जुळवून हल्लीच बनवलेले असतात. घरच्या माळ्यावरची धुळीची पेटी त्याहून कितीतरी खरी. आणि ही नुसती जुन्या माणसांची आवड राहिलेली नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये सीडीपेक्षा एलपी जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. आपल्याकडेही एचएमव्हीची कंपनी, जिचं नाव २००० साली सारेगामा झालं, ती नव्याने एलपी काढते. मुंबईत १९९० पासून जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स, काम करते आहे. अशा लोकांमुळेच कित्येक गायिकांचे आवाज आज ऐकता येतात. काही गाण्यांच्या मोजक्याच तबकड्या उरल्यात. त्यातली एखादी तुमच्याही माळ्यावर असू शकते.

आमचा सगळा खर्च एका बऱ्यापैकी साडीइतका आला. प्लेअर घरी आला तेव्हा सवयीने माझ्या मुलानेच हात पुढे केला. मी म्हटलं, "आजीला लावू दे." सासूबाई दचकल्याच. "मला नाही बाई जमायचं. ह्यांना आवडायचं नाही," म्हणाल्या. पन्नास वर्षांचा नियम तो, एका वाक्यात कसा सुटणार?

मग आम्ही दोघींनी मिळून युक्ती काढली. गतीच्या बटणाजवळ ३३ ला एक मखमली टिकली चिकटवली, ७८ ला दोन. थाळी थांबलेली असतानाच तबकडीची कड बोटाने चाचपायची, कडेच्या किंचित आत सुई अलगद टेकवायची आणि मग बटण फिरवायचं. तबकडी ओळखायला डोळे लागतच नाहीत : जड आणि गार ती लाखेची, हलकी ती एलपी. एलपींच्या पाकिटांच्या कोपऱ्यांवर वेगवेगळी बटणं शिवली. भोकांचं बटण भक्तिगीतांचं, गोल घुंडी नाट्यगीतांची. पहिले दोन-तीन दिवस सुई घसरली, हात थरथरला. चौथ्या दिवशी दुपारी मी बाहेरून आले, तर दारातच गाणं ऐकू आलं. घरात त्या एकट्याच होत्या.

आता दुपारी चार वाजता शेजारच्या दोघीतिघी येतात. चहा होतो. कुणाला काय ऐकायचंय ते विचारलं जातं आणि सासूबाई बोटांनी बटणं चाचपत पाकीट काढतात. परवा एकीने मदत करायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, "थांब गं, सुई मी टेकवते."