मोटरहोममधील गृह-बॅटरी आणि तिची क्षमतावाढ

राहण्याची सोय असलेल्या मोटरवाहनात, म्हणजे मोटरहोममध्ये, वाहन उभे असताना दिवे, पाण्याचा पंप, गॅस-हीटरचा पंखा, वायुगळतीसूचक इत्यादी उपकरणांना वीज पुरवणाऱ्या बॅटरीस गृह-बॅटरी असे म्हणतात. इंजिन सुरू करणारी बॅटरी तिच्याहून वेगळी असते. दोन्ही साधारणपणे १२ व्होल्टच्या असल्या तरी त्यांची कामे भिन्न आहेत. इंजिनाच्या बॅटरीला काही सेकंद मोठी विद्युतधारा द्यावी लागते. गृह-बॅटरीला लहान विद्युतधारा अनेक तास द्यावी लागते आणि ती वारंवार खोलवर उतरते. त्यामुळे गृह-बॅटरीत जाड पट्टिकांची ‘डीप सायकल’ बॅटरी वापरतात. अमेरिकेत ‘मरीन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक बॅटऱ्या या दोहोंमधील तडजोड असून दोन्ही कामांत मध्यम प्रतीच्या ठरतात.

जुन्या मोटरहोमची गृह-बॅटरी बहुधा लहान असते. ती वाढवणे ही अशा वाहनांतील सर्वांत नेहमीची सुधारणा आहे. मात्र क्षमता वाढवणे म्हणजे केवळ आणखी एक बॅटरी जोडणे नव्हे. चार्जिंगची साधने, तारा, फ्यूज, वायुवीजन आणि वाहनाचे वजन या सर्वांचा पुनर्विचार त्यात येतो.

पार्श्वभूमी

पुन्हा चार्ज करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात घरोघरी पोहोचलेली इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी याच कुळातील आहे. अमेरिकेत मोटरहोमचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन १९६० च्या दशकात सुरू झाले. आयोवा राज्यातील विनेबागो कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम बांधण्यास प्रारंभ केला, तर जीएमसी मोटरहोम १९७३ ते १९७८ या काळात तयार होत असे. या पिढीतील वाहने मुख्यतः वीजजोडणी असलेल्या तळांवर मुक्काम करण्यासाठी योजलेली होती. तळावरील १२० व्होल्टची वीज कन्व्हर्टरमधून १२ व्होल्टवर येई आणि बॅटरीला एखाद्या रात्रीपुरता भार सोसावा लागे.

वीजजोडणीविना मुक्काम करण्याची पद्धत वाढल्यावर ही व्यवस्था अपुरी पडू लागली. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या सरकारी वाळवंटी जमिनीवर दर हिवाळ्यात हजारो वाहने आठवडेच्या आठवडे अशी राहतात. तेथे दिवसा ऊन असले तरी रात्री कडाक्याची थंडी पडते. गॅस-हीटरला ज्वलनासाठी गॅस लागतो, पण गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो. झोत पुरेसा नसेल तर गॅस पेटू न देणारी एक कळ त्यात असते. म्हणून पहाटे बॅटरी उतरली की टाकी गॅसने भरलेली असूनही हीटर बंद पडतो. अशा वेळी जनित्र चालू ठेवून झोपण्याचा मोह होतो आणि त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वास नसल्याने झोपेतच जीव घेऊ शकतो. गृह-बॅटरीची क्षमता हा त्यामुळे निव्वळ सोयीचा विषय राहत नाही.

क्षमतेचे मापन

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत सांगतात. १०० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीत सुमारे १२०० वॉट-तास ऊर्जा असते. हा आकडा बहुधा २० तासांच्या संथ वापरासाठी दिलेला असतो, म्हणजे ५ अँपिअरची विद्युतधारा २० तास. विद्युतधारा वाढली की शिसे-आम्ल बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता घटते. हा संबंध जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये मांडला. त्यामुळे हीच बॅटरी ५० अँपिअरला दोन तास न टिकता साधारण सव्वा तासात उतरते. शिवाय शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू दिल्यास तिचे आयुष्य झपाट्याने कमी होते. छापील क्षमतेच्या अर्धी क्षमताच हाताशी आहे, असे धरून हिशेब करणे शहाणपणाचे असते.

उदाहरणादाखल ८० अँपिअर-तासांची एकच बॅटरी असलेले १९८० च्या दशकातील वाहन घेऊ. तिच्यातील वापरण्याजोगा भाग ४० अँपिअर-तास. हिवाळ्यातील एका रात्री हीटरचा पंखा ७ अँपिअरने एकूण चार तास चालला, तर २८ अँपिअर-तास गेले. प्रत्येकी दीड अँपिअर घेणारे दोन जुने तंतुदीप चार तास लावले, तर आणखी १२ गेले. येथेच ४० पूर्ण झाले आणि पंप, वायुगळतीसूचक, फ्रीजचे नियंत्रण यांचा हिशेब अजून बाकीच आहे.

या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते. तंतुदीपांच्या जागी एलईडी दिवे बसवल्यास १२ ऐवजी सुमारे २ अँपिअर-तास लागतात. म्हणजे वापरण्याजोग्या क्षमतेचा पाव भाग एकही बॅटरी न घेता परत मिळतो. खर्चाच्या तुलनेत इतका लाभ देणारा दुसरा उपाय नाही, तरीही तो सहसा शेवटी आठवतो.

जोडणीचे प्रकार

क्षमता दोन प्रकारे वाढवतात. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडणीत जोडल्यास विभवांतर तेच राहून अँपिअर-तासांची बेरीज होते. ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत जोडल्यास विभवांतर १२ व्होल्ट होते आणि अँपिअर-तास एका बॅटरीइतकेच राहतात. दुसऱ्या प्रकारासाठी गोल्फच्या मैदानावरील विजेच्या गाड्यांत वापरली जाणारी बॅटरी लोकप्रिय आहे. तिची क्षमता सुमारे २२० अँपिअर-तास आणि वजन २८ किलोग्रॅमच्या आसपास असते. रोज खोलवर उतरण्यासाठीच ती बनवलेली असल्याने या कामी ती चिवट ठरते. परंतु तिची उंची सुमारे २७ सेंटिमीटर, तर नेहमीच्या लहान बॅटरीची सुमारे २३ सेंटिमीटर असते. जुन्या मोटरहोममध्ये बॅटरी अनेकदा दाराच्या पायरीखाली ठेवलेली असते. तेथे हे चार सेंटिमीटर आडवे येतात.

समांतर जोडणीत जुनी आणि नवी बॅटरी एकत्र करणे टाळावे लागते. दोहोंचा अंतर्गत रोध वेगळा असल्याने चार्जिंग व भार असमान वाटला जातो आणि नवी बॅटरी लवकरच जुनीच्या अवस्थेला येते. एका बॅटरीतील घट आतून लघुपरिपथित झाल्यास दुसरी चांगली बॅटरी आपली विद्युतधारा तिच्यात ओतते. ताराही विचारपूर्वक जोडाव्या लागतात. धन तार पहिल्या बॅटरीवरून घेतली, तर ऋण तार शेवटच्या बॅटरीवरून घेतात. त्यामुळे प्रत्येक बॅटरीच्या वाट्याला सारखाच रोध येतो. दोन्ही तारा एकाच बॅटरीवर लावल्या तर ती अधिक राबते आणि आधी बसते.

चार्जिंगचा प्रश्न

क्षमतावाढीचे यश बॅटरीपेक्षा चार्जिंगवर अधिक अवलंबून असते. शिसे-आम्ल बॅटरी टप्प्याटप्प्याने भरते. पहिल्या टप्प्यात ती जवळपास हवी तितकी विद्युतधारा घेते. नंतर विभवांतर १४.४ व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवून शेवटचा पंधरा-वीस टक्के भाग भरावा लागतो आणि त्याला कित्येक तास लागतात. त्यानंतर साधारण साडेतेरा व्होल्टवर ती राखली जाते.

जुन्या कन्व्हर्टरमध्ये हे टप्पे नसतात. तो एकाच, पावणेचौदा व्होल्टच्या आसपासच्या विभवांतरावर काम करतो. तेवढ्यात बॅटरी लवकर पूर्ण भरत नाही आणि आठवडेभर जोडून ठेवल्यास तिच्यातील पाणी आटते. चालत्या इंजिनाच्या अल्टरनेटरची स्थिती फारशी निराळी नाही. दोन बॅटऱ्या परस्परांपासून अलग ठेवण्यासाठी काही जुन्या वाहनांत डायोड बसवलेले असतात. त्यांत सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. पुढच्या टोकाच्या इंजिनापासून मागच्या बॅटरीपर्यंतच्या लांब, बारीक तारेत आणखी काही जातात. अल्टरनेटरकडे १४.२ व्होल्ट असले तरी बॅटरीला साडेतेराहूनही कमी मिळतात.

अशा वाहनात बॅटरी दुप्पट केली आणि चार्जिंग तसेच ठेवले, तर नवा संच क्वचितच पूर्ण भरतो. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्टिकांवरील लेड सल्फेटचे स्फटिक हळूहळू कठीण होतात आणि पुन्हा विरघळत नाहीत. यास सल्फेशन म्हणतात. दोनशे अँपिअर-तासांचा उपाशी संच ऐंशीच्या पोटभर बॅटरीपेक्षा आधी निकामी होण्याचे कारण हेच आहे. म्हणून कन्व्हर्टर बदलून टप्प्यांचा चार्जर बसवणे आणि डायोडऐवजी रिले किंवा डीसी-डीसी चार्जर वापरणे हा क्षमतावाढीचाच भाग मानला पाहिजे.

सौर पॅनेल या ठिकाणी विशेष उपयोगी पडते, कारण शेवटचा संथ टप्पा पूर्ण करण्यास लागणारे तास त्याच्याकडे असतात. १०० वॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला अंदाजे ३० अँपिअर-तास देते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे खाली कललेला असताना छतावर सपाट बसवलेले पॅनेल त्याहून बरेच कमी देते, आणि हीटरची गरज नेमकी तेव्हाच सर्वाधिक असते.

तारा, फ्यूज आणि वायुवीजन

१२ व्होल्टवर थोड्या वॉटनाही मोठी विद्युतधारा लागते. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर बॅटरीतून १८० अँपिअरहून अधिक खेचतो. बारीक तार अशा वेळी तापून पेट घेऊ शकते. फ्यूज उपकरणाऐवजी तारेचे रक्षण करतो, म्हणून तो बॅटरीच्या धनाग्राजवळ बसवतात. फ्यूज आणि बॅटरी यांमधील तारेच्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते. तो जितका लहान, तितके बरे.

चार्ज होताना पाण्याच्या शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हायड्रोजन हवेहून हलका असल्याने बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूस झरोका हवा. याउलट स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने टाकीच्या कप्प्याचा झरोका तळाशी असतो. जागेअभावी पलंगाखाली साधी बॅटरी ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. तेथे ठेवायचीच असल्यास झडपनियंत्रित बंदिस्त बॅटरी निवडतात. बॅटरीचा जुना लोखंडी पाळणा आम्लाने खाल्लेला असू शकतो. वाढीव वजन ठेवण्यापूर्वी तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तपासावा लागतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी

हे रसायन १९९० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आले. १०० अँपिअर-तासांच्या अशा बॅटरीचे वजन तेवढ्याच शिसे-आम्ल बॅटरीच्या सुमारे निम्मे असते आणि तिची बहुतेक सर्व क्षमता वापरता येते. अर्धवट भरलेली राहिल्याने ती बिघडत नाही. वजनाच्या मर्यादेला टेकलेल्या जुन्या वाहनासाठी हे गुण मोलाचे आहेत.

जुन्या विद्युतव्यवस्थेशी मात्र तिचा सहज मेळ बसत नाही. तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने थेट जोडल्यास ती अल्टरनेटरकडून त्याच्या पूर्ण ताकदीइतकी विद्युतधारा सलग घेत राहते आणि अल्टरनेटर जळू शकतो. येथे विद्युतधारेस मर्यादा घालणारा डीसी-डीसी चार्जर जवळजवळ अनिवार्य ठरतो. ० अंश सेल्सियसखाली ती चार्ज केल्यास तिची कायमची हानी होते. त्यामुळे पायरीखालच्या उघड्या कप्प्यापेक्षा ती आत, उबेत ठेवणे योग्य.

देखरेख

काही तास विश्रांती दिलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली असते, १२.१ च्या आसपास दिसले तर निम्मी उतरलेली. भार किंवा चार्जर चालू असताना घेतलेले वाचन फसवे असते. जुन्या मोटरहोमच्या भिंतीवरील तीन-चार दिव्यांचा दर्शक बहुधा असेच वाचन दाखवतो. आत गेलेली व बाहेर आलेली विद्युतधारा मोजून बेरीज-वजाबाकी ठेवणारा मापक ऋण तारेवर बसवल्यास खरी शिल्लक कळते. लिथियम बॅटरीचे विभवांतर ती रिकामी होत येईपर्यंत जवळपास स्थिर राहते, त्यामुळे तेथे या मापकाला पर्याय नाही.