जयहिंदनंतरचं बोलणं

उरीच्या लष्करी तळावर १८ सप्टेंबर २०१६ रोजी पहाटे हल्ला झाला. त्यात महाराष्ट्राने चार जवान गमावले. दोघे विदर्भातले होते: अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वरचे पंजाब उईके आणि यवतमाळच्या वणी तालुक्यातल्या पुरडचे विकास कुळमेथे. दोन्ही आडनावं गोंड समाजातली. अशा वेळी आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते, फैरी झडतात, मंत्री येतात, चौकात ‘अमर रहे’चे फ्लेक्स लागतात, दुकानं आपणहून बंद होतात. यातलं काही खोटं नसतं. रस्त्याकडेला पदर डोळ्यांना लावून उभी असलेली बाई कुणी सांगितलं म्हणून उभी नसते. पण जो फौजी काळी ट्रंक घेऊन एसटीने, धडधाकट परत येतो, त्याच्याविषयी आपल्याला काय वाटतं? माझं म्हणणं असं, की यवतमाळसारख्या जिल्ह्यात सैनिकाविषयी आदर उदंड आहे, ओळख मात्र थोडी. आणि या आदराच्या बऱ्याच खोडी त्या अनोळखीपणातून आल्या आहेत.

ही अनोळख आजची नाही. इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ ठरवल्या आणि मराठा पलटणींसाठी माणसं निवडली ती कोकणातून आणि देशावरून. वऱ्हाडचा मुलूख त्यांच्या हिशेबी कापसाचा. महार समाजाला तर पूर्वापार सैन्यात वाट होती, ती १८९०च्या दशकात बंद झाली. पहिल्या महायुद्धातली थोडी वर्षं सोडली तर ती खऱ्या अर्थाने उघडली १९४१मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा. याउलट साताऱ्याजवळचं अपशिंगे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण कामी आले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. अशा गावात फौजी म्हणजे कुणाचा तरी काका, व्याही, भांडणारा भाऊबंद. तो सुट्टीवर आला की बांधावरून वाद घालतो, पोराला मारतो, कधी दारू पितो, भरतीला निघालेल्या पोरांना पळायला शिकवतो. त्याला देव्हाऱ्यात बसवायची सोयच नसते, कारण तो ओसरीवर बसलेला असतो. आपल्याकडे बहुसंख्य घरांना फौजी भेटतो तो बातम्यांत आणि सिनेमात.

दूर असलेल्या माणसाच्या नावाने काहीही करता येतं. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. त्यांत विदर्भातल्याच बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते. त्यानंतर आठवड्याच्या आत यवतमाळ शहरात शिकणाऱ्या काश्मिरी विद्यार्थ्यांना काही तरुणांनी मारहाण केली, घोषणा द्यायला लावल्या आणि त्याचं चित्रीकरण फिरवलं. ज्या युवा संघटनेशी त्यांचा संबंध होता तिनेच नंतर त्यांना बाहेर काढलं. मारणाऱ्यांना वाटलं, आपण जवानांच्या बाजूने उभे आहोत. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही), की त्याच आठवड्यात केंद्रीय राखीव पोलीस दल अडचणीतल्या काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी मदतीचा दूरध्वनी क्रमांक चालवत होतं. ज्यांची माणसं गेली त्यांना काय हवं आहे, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

आता जिवंत परतलेल्याकडे या. शिपायाची पेन्शन १५ वर्षांच्या नोकरीनंतर लागू होते, त्यामुळे अनेक जण पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. अलीकडे त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक निघते, डीजे वाजतो, सत्कार होतो. सहा महिन्यांनी तोच माणूस बँकेच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर दिसतो: बाराबोरची बंदूक मांडीवर आडवी, इस्त्रीची घडी मोडू न दिलेला शर्ट, पायातले बूट अजूनही आरशासारखे. आत जाणारा ‘जयहिंद’ म्हणतो आणि पुढे जातो. बोलणं तिथेच संपतं. तो सिग्नलमध्ये होता की इंजिनिअर्समध्ये, डिझेल इंजिन उलगडून जोडणं त्याला येतं का, हे त्याला कोण विचारतं? केंद्राच्या गट ‘क’ पदांत माजी सैनिकांना १० टक्के आणि एकेकाळच्या गट ‘ड’मध्ये २० टक्के राखीव जागा आहेत, पण प्रत्यक्ष भरती त्याच्या जवळपासही जात नाही. आपल्या मनात फौजीचं दुसरं काम ठरलेलंच आहे: पहारा. १९४९पासून दर ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो, कार्यालयांना निधीचं उद्दिष्ट ठरवून दिलं जातं, लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन पट्ट्यांचा छोटा झेंडा खिशाला लागतो. पैसा जातो तो योग्य ठिकाणीच. फक्त देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची भेट होत नाही.

यावर कुणी म्हणेल, पेन्शन आहे, कँटीन आहे, २०२०पासून राहत्या घराची घरपट्टी माफ आहे; आणखी काय हवं? त्याहून टोकदार सवाल कास्तकाराचा. तोही राबतो, मरतो. त्याच्यासाठी कोण उभं राहतं? हा सवाल यवतमाळात टाळता येत नाही. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणा १९६५ची. तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री याच जिल्ह्यातल्या पुसदचे वसंतराव नाईक होते. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं त्यांनी पुण्यात जाहीर सांगितलं होतं. त्याच जिल्ह्यात आज आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवते, आणि पात्र ठरलं तर २००६च्या निर्णयाप्रमाणे कुटुंबाला १ लाख मिळतात. म्हणून जवानाचा मान कमी करून कास्तकाराचा वाढणार आहे का? इथे ते दोघं बहुतेकदा एकाच घरातले असतात. कोरडवाहू चार एकरांत दोन भावांचं भागत नाही म्हणून एक जण भरतीला पळतो. दोघांचंही दुखणं सारखंच: मेल्यावर चौकशी होते. शिवाय मी जास्त फुलं मागत नाही, फुलं कमी झाली तरी चालतील. नुसत्या फुलांनी काय होतं ते अमेरिकेत दिसतं: १९७३ला सक्तीची भरती संपली, सैन्यात शंभरातला एकही माणूस उरला नाही आणि आभाराचे शब्द वाढले. त्या शब्दांत अवघडलेपण जाणवतं, असं तिथल्या कितीतरी माजी सैनिकांनीच लिहून ठेवलं आहे.

हे सगळं आता अधिक निकडीचं झालं आहे, कारण जून २०२२मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यानंतर चारांतला एकच कायम. बाकीचे तिघं सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी घेऊन घरी, पेन्शन नाही. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचे अक्षय गवते ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचिनमध्ये गेले. मोहिमेवर मरण आलेले ते पहिले अग्निवीर. कुटुंबाला किती मिळणार यावर देशभर वाद झाला, आणि रक्कम १ कोटी १३ लाखांच्या वर असल्याचं लष्कराने जाहीर केलं. त्या आकड्यावर आठवडाभर बोलणं झालं. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी जिवंत परतणाऱ्या तिघांबद्दल तेवढं बोलणं झालेलं नाही. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे घरपट्टीच्या अर्जात कोणता रकाना भरायचा हाही प्रश्नच. मिरवणूक निघेल, त्याबद्दल शंका नको. डीजेवाला आधीच ठरलेला असेल. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्या परतलेल्या पोराला पहिला प्रश्न येईल, ‘काढून टाकलं का रे?’