खुर्चीवर एक पाय, उभं राहिलं की दुसराच!

आंघोळ झाली की ओल्या पायानं शहाबादी फरशीवर एक पाऊल टाका आणि पटकन बाजूला व्हा. काय दिसतं? बोटांचे ठिपके, रुंद चवडा, गोल टाच आणि मध्ये कोरडी जागा! ती पायाची कमान. उभं राहिलं की अंगाचा भार कमानीवर येतो, ती जराशी दबते आणि पाऊल चक्क लांब होतं. खरं वाटत नाही? मग खेळाचे नवे बूट घेण्याआधी मोजूनच बघू.

जुन्या कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू वर करा आणि पान भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा. खेळताना घालता तेच मोजे चढवा. टाच भिंतीला लावून आधी खुर्चीत बसा. सगळ्यांत लांब बोटापुढे ताईला पेन्सिलनं खूण करायला सांगा. अंगठाच लांब असेल असं नाही हं! आता उभे राहा, पुन्हा खूण. दुसरी खूण पुढे सरकली ना? तीच धरायची. चवड्याची रुंदीही मोजा. मग दुसरा पाय मोजा आणि जो मोठा भरेल त्याचं माप घ्या. हे सगळं संध्याकाळी करा, कारण दिवसभराच्या चालण्यानं पाय थोडे फुगतात.

आता गंमत ऐका. बुटांच्या दुकानातले सहा, सात हे नंबर मुळात जवाच्या दाण्यावरून आलेत! इंग्लंडमध्ये जवाचे तीन दाणे लांबीनं ओळीत मांडले की एक इंच धरत. बुटाचा एक नंबर वाढला म्हणजे एक दाणा वाढला, साधारण साडेआठ मिलिमीटर. आपल्याकडे कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या जुन्या ग्रंथातही आठ जवांच्या रुंदीचं एक अंगुळ हे माप आहे.

बूट आणायला गावाकडून लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या बाजारात जाताना कुणी सुतळीनं पायाचं माप नेतं. सुतळी लांबी सांगते, रुंदी नाही. आणि रुंदी तर महत्त्वाची! चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं लाखाहून जास्त भारतीयांची पावलं यंत्रानं मोजली, तेव्हा ती युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद भरली. म्हणून आता आपल्या पायांसाठी ‘भा’ नावाची नवी मापं सुचवली आहेत. ‘भा’ म्हणजे भारत.

आपल्या मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे आठवतो? 2023मध्ये झालेल्या आशियाई खेळांत त्यानं 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. या शर्यतीत 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या असतात. प्रत्येक उडीनंतर पाय बुटात नीट धरलेला हवा. ढिल्या बुटात पाय पुढे-मागे घसरतो, फोड येतात. घट्ट बुटात नखं दुखतात.

म्हणून “दोन वर्षं पुरतील” असे मोठे बूट नकोत. बूट घालून उभे राहा. बोटांपुढे साधारण एक सेंटीमीटर जागा हवी, टाच मात्र निसटू नये. तुमचे पाय वाढताहेत, तेव्हा दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजा आणि कागदावर तारीख लिहून ठेवा. बूट आजच्या पायाला बसणारेच घ्या!